पित्ताशय काढल्यानंतरची सकाळची घाई

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला का हे तुम्हाला पाहता येईल. चार महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. जखमा भरल्या, ती पाठीत जाणारी जीवघेणी कळही गेली. पण रोज सकाळी चहा-पोहे झाले की अर्ध्या तासात संडासला पळावं लागतं, कधी दोनदा, कधी तीनदा. शौचाला पातळ, पिवळसर होतं आणि जागेवर आग होते. आठच्या एसटीने शाळेत शिकवायला जायचं असतं, म्हणून तुम्ही नाश्ताच सोडलात, तर आता दुपारच्या डब्यानंतर तेच होतं. पोट फुगतं, मधूनच तोंडाला कडू पाणी येतं. थायरॉइडची गोळी चालू आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘तेल-तूप वर्ज्य’ एवढीच ओळ आहे, आणि सासूबाई म्हणतात, तुपाशिवाय आतडी कोरडी पडतील. पित्ताची पिशवी काढली तरी पित्त का होतं, आणि जन्मभर उकडलेलंच खायचं का, हे तुमचे दोन प्रश्न.

मी कोल्हापुरात बावीस वर्षं जनरल सर्जन म्हणून काम करते. पित्ताशयाची ऑपरेशन्स हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे, आणि ऑपरेशननंतर परत येणारे पेशंट ज्या तक्रारी सांगतात त्यातली ही पहिल्या दोन-तीनांतली. तुमचं पोट मी तपासलेलं नाही, रिपोर्ट पाहिलेले नाहीत. त्यामुळे पुढे जे लिहिते त्यातलं काही तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला पाहून ठरवायचं आहे. ते कुठलं, हे त्या त्या ठिकाणी सांगेन.

पित्त या शब्दापासूनच सुरुवात करते, कारण निम्मा घोटाळा तिथे आहे. जागरण झालं, उपाशी राहिलं की छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात, डोकं दुखतं. त्याला आपण पित्त म्हणतो, पण त्यातला आंबटपणा जठरातल्या आम्लाचा असतो. अंगावर गांधी उठल्या की पित्त उठलं म्हणतो, ती बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी असते. आणि यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा कडू रस, जो तेला-तुपाचं पचन करायला मदत करतो, तोही पित्तच. तुमच्या ऑपरेशनचा संबंध फक्त या तिसऱ्या पित्ताशी आहे. तिथेही आम्ही काढली ती साठवणीची टाकी. पाणी येणं थांबलेलं नाही, थांबायलाही नको.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पित्ताशयात त्यातलं जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर मावतं, पण तिथे ते आटवून चांगलं दाट केलं जातं. आपण जेवलो, तेल-तूप लहान आतड्याच्या तोंडाशी पोचलं, की आतड्यातून एक संप्रेरक रक्तात उतरतं, पित्ताशय आवळतं आणि दाट पित्त नेमकं जेवणावर येऊन पडतं. टाकी गेली की हा नेम जातो. पित्त पातळच राहतं आणि दिवसरात्र थेंब थेंब आतड्यात ठिबकत राहतं, जेवण असो वा नसो. म्हणजे तुमच्यात पित्त कमी पडलेलं नाही. त्याची वेळ बिघडली आहे. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवलीत तर पुढचं सगळं त्यातून आपोआप उलगडतं.

आतड्यात आलेल्या पित्तातली आम्लं शरीर वाया घालवत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यातली सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जातात आणि यकृताकडे परत जातात. उरलेली थोडी मोठ्या आतड्यात उतरतात. ठिबक अखंड चालू राहिलं की काहींच्या बाबतीत हा उरलेला भाग वाढतो. मोठ्या आतड्याला ही आम्लं झोंबतात. ते आतून पाणी सोडतं आणि जोरात पुढे ढकलायला लागतं. मग शौचाला पातळ, पिवळसर, आणि बाहेर पडताना आग. रात्रभर आठ-नऊ तास पोटात अन्न नसतं, पित्त मात्र लहान आतड्यात जमत राहतं. सकाळचा पहिला चहा-नाश्ता आत गेला की आतड्यांची एक मोठी लाट उठते आणि जमलेलं सगळं पुढे लोटलं जातं. तुमची सकाळची घाई बहुधा हीच आहे. नाश्ता सोडल्यावर ती दुपारी का गेली, तेही आता कळेल. उपास लांबला, साठा वाढला, लाट उशिरा आली, एवढंच.

हे तुमच्या एकटीचं नाही. दहा जणांत एखाद-दुसऱ्याला असा त्रास होतो, आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप ओसरतो. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी केली. आपल्याकडे दुर्बिणीतून ती पहिल्यांदा केली डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी, १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. म्हणजे पित्ताशयाविना माणसं कशी जगतात याचा अनुभव वैद्यकाला चांगला १४० वर्षांचा आहे, आणि ती नीट जगतात. घोड्याला तर जन्मतःच पित्ताशय नसतं. तो दिवसभर थोडं थोडं चरत राहतो, आणि ठिबकणाऱ्या पित्ताला तेच मानवतं.

पण सगळं खापर ऑपरेशनवर फोडण्याआधी काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. इथे मी जरा आग्रही आहे. चार महिने उलटले तरी रोज पातळ होत असेल तर एकदा शौचाची तपासणी, रक्तातलं हिमोग्लोबिन, यकृताच्या चाचण्या आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, करून घ्या. थायरॉइडच्या गोळीचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तरी पोट असंच धावतं. ऑपरेशननंतर वजन उतरलं असेल तर जुना डोस आता जास्त ठरत असेल, कोण जाणे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तीही एक शक्यता. छातीतल्या जळजळीसाठी तुम्ही एखादं गुलाबी नाहीतर पांढरं पातळ औषध बाटलीने पीत असाल तर त्यात बऱ्याचदा मॅग्नेशियम असतं, आणि मॅग्नेशियमने जुलाब होतात. हे पेशंट सांगतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. आमांश, जिआर्डिया नावाच्या परजीवीचा संसर्ग, गहू न सोसणं, दूध न पचणं, या सगळ्यांचं चित्र थोडंफार असंच दिसतं. दुधाचं तर घरीच कळतं. दहा दिवस दूध पूर्ण बंद करून पाहा, चहाही कोरा घ्या. ताक आणि दही बहुतेकांना चालतं.

आता जेवणाकडे येते. ‘तेल-तूप वर्ज्य’ ही ओळ सुरुवातीच्या वर्षांत मीही लिहून द्यायचे. लिहिणं सोडलं, कारण परत येणारे पेशंट सुकलेले, वैतागलेले असायचे आणि त्यांचं पोट तरीही धावत असायचं. कारण साधं आहे. तेल बंद केलं म्हणून यकृत पित्त बनवणं थांबवत नाही. ते ठिबकतंच, फक्त आता त्याला गुंतवायला आतड्यात काही नसतं. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय नीट शोषली जात नाहीत. भूक भागत नाही म्हणून माणूस भात, बिस्किटं, टोस्ट वाढवतो आणि गॅस वाढतो. दुसऱ्या टोकाला, एका बैठकीत भरपूर स्निग्ध गेलं तर पातळ पित्ताला ते एकदम आवरत नाही. न पचलेलं स्निग्ध खाली उतरून वेगळाच गोंधळ घालतं. म्हणून प्रत्येक जेवणात थोडं, आणि रोज साधारण सारखं. सुरुवातीला एका जेवणात वरून घातलेलं सगळं स्निग्ध मिळून दहा-बारा ग्रॅम, म्हणजे चहाचे लहान दोन ते अडीच चमचे. गरम वरणभातावर एक लहान चमचा तूप त्यात आरामात बसतं. सासूबाईंना तेवढं खुशाल वाढू द्या.

चमचा म्हणजे कुठला, हे मात्र नीट ठरवा. गेल्या वर्षी एक बाई आल्या होत्या. तक्रार तुमच्यासारखीच, आणि ‘भाजीला तेल दोनच चमचे टाकते हो’ हे त्या अगदी शपथेवर सांगत होत्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी तो चमचा घेऊन या. त्यांनी पिशवीतून काढली ती तेलाच्या बरणीतली लांब दांड्याची पळी. बेसिनपाशी उभं राहून ती पाण्याने भरली आणि दहा मिलीच्या सिरिंजने ते पाणी ओढून मोजलं. सिरिंज दोनदा काठोकाठ भरली, वर थोडं उरलं, म्हणजे २२ मिली. दोन पळ्यांचे ४४. घरात माणसं दोन. एकाच भाजीतून प्रत्येकीच्या पोटात वीस ग्रॅमच्या आसपास तेल जात होतं, आणि आमटीची फोडणी अजून मोजलीच नव्हती. त्या खोटं बोलत नव्हत्या. आपल्या घरात तेल मोजायचं मापच नसतं. म्हणून सांगते, महिनाभराचं तेल बाजूला काढा, किंवा औषधाच्या बाटलीवरचं पाच मिलीचं माप फोडणीसाठी ओट्यावरच ठेवा.

दुसरं म्हणजे आपल्या स्वयंपाकातलं न दिसणारं तेल. शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं, तिळातही तेवढंच. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर. मूठभर दाण्याचा कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आपण ‘हलकी’ म्हणून खातो, ती हलकी नसते. आमच्याकडचा कांदा-लसूण मसाला खोबरं आणि तीळ तेलावर भाजूनच कुटलेला असतो. पांढरा रस्सा तिखट नाही म्हणून पोटाला सौम्य, असं पेशंट धरून चालतात, पण तो नारळाचं दूध, काजू आणि खसखशीवर उभा असतो. तांबड्या रश्श्यावरचा कट पळीने काढून टाकला तर खालचा पातळ रस्सा पांढऱ्यापेक्षा परवडतो, फक्त तिखट बेताचं हवं, कारण मिरची स्वतःच आतडं चाळवते. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्ध, गायीच्या दुधात त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि तुमचे पोहे? पोहे बिचारे निर्दोष आहेत. त्यावरचे तळलेले दाणे, खोबऱ्याचा कीस, शेव, आणि रिकाम्या पोटी आधी घेतलेला दाट दुधाचा चहा, त्रास तिथे आहे.

मग सकाळ कशी बसवायची? तुमची एसटी आठची आहे, तर नाश्ता सव्वासहाला आणा. त्याच्याही पाऊण तास आधी, साडेपाचला, थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर. चहा खाण्याच्या आधी घ्यायचा नाही, खाल्ल्यावर अर्धा कप. खायला नाचणीची ताकातली आंबील, तांदळाची उकड, दोन इडल्या, किंवा अर्धी ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी. यांत स्निग्ध थोडं आहे, पण पोट भरतं. नाश्त्यानंतर आतड्यांची जी लाट येते ती येणारच, ती थांबवायच्या मागे लागू नका. ती घरी असतानाच येऊन जावी यासाठी तिला तास-दीड तास मोकळा ठेवायचा, धावपळ न करता बसायला वेळ द्यायचा. बऱ्याच जणींची निम्मी काळजी एवढ्यानेच उतरते, कारण खरी भीती शौचाची नसते, एसटीत अडकण्याची असते. पुढे मधल्या सुट्टीत एखादं केळं, दुपारी डबा, पाचला मूठभर चुरमुरे किंवा लाह्या, रात्री आठच्या आत हलकं जेवण. चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवू नका. शाळेत ते अवघड असतं, मला कल्पना आहे. केळं पर्समध्ये ठेवा, दोन तासांच्या मध्ये उभ्याने खाल्लं तरी चालेल.

उपवासाचं वेगळं सांगायला हवं, कारण तो आपल्याकडे उपाशी राहण्याचा कमी आणि दाण्याच्या कुटाचा जास्त असतो. एक आजोबा होते, अडुसष्ट वर्षांचे, माळकरी. ऑपरेशननंतर पोट छान होतं, पण मधूनच एखादा दिवस असा यायचा की चार-पाच वेळा जावं लागायचं. मी त्यांना वही घालायला सांगितली: काय खाल्लं, किती वाजता, शौचाला कधी. दीड महिन्याने ते वही घेऊन आले. वाईट दिवसांच्या तारखांना त्यांनी लाल शाईने गोल केले होते. मी त्या तारखांकडे बघत बसले, मला काही सुचेना. ड्रेसिंग करायला आलेल्या आमच्या सिस्टरनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मॅडम, गोल केलेल्या सगळ्या एकादश्या आहेत.’ दिवसभर नुसता चहा, आणि संध्याकाळी ताटभर साबुदाण्याची खिचडी, निम्मा कूट, वर तूप, जोडीला शेंगदाण्याची आमटी. आम्ही एकादशी मोडली नाही. सकाळी केळं, दुपारी वरीचा भात आणि ताक, चारला उकडलेलं रताळं, रात्री राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. पुढच्या वहीत लाल गोल जवळपास नव्हते.

तुम्हीही पंधरा दिवस अशी वही घाला. मोठं काही लिहायचं नाही, रोज चार ओळी. त्यात वेळ मात्र नक्की लिहा, कारण माझ्या अनुभवात काय खाल्लं यापेक्षा किती तासांनी आणि किती खाल्लं यातूनच जास्त कळतं.

ईसबगोलबद्दल लोक गोंधळतात, कारण ते बद्धकोष्ठावरचं औषध म्हणून सगळ्यांना माहीत आहे. ते पाणी धरून ठेवतं. कोरडं असेल तिथे मऊ करतं आणि पातळ असेल तिथे दाट करतं. पित्ताची आम्लंही काही प्रमाणात त्यात अडकतात. रात्रीच्या जेवणानंतर एक लहान चमचा पेलाभर पाण्यात किंवा ताकात ढवळून लगेच प्या. आठवडाभराने सोसलं तर दोन चमचे. पहिले काही दिवस पोट थोडं गुबगुबेल, ते बसतं. साखर आणि रंग घातलेली पाकिटं नकोत, साधा भुसा घ्या, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. शिजलेला दुधी, पडवळ, गाजर, भोपळा, केळं, सफरचंद यांतला चोथाही असाच सौम्य असतो. कच्चा कांदा, कोबी, मुळा आणि सालासकट कडधान्यांची मोठी वाटी सध्या थोडी लांब ठेवलेली बरी.

एवढं तीन-चार आठवडे मनापासून करूनही फरक पडला नाही, आणि तपासण्या ठीक आल्या, तर सोसत बसू नका. यावर औषध आहे. पेशंट ‘आता हे असंच चालायचं’ म्हणून वर्षानुवर्षं काढतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. पित्ताची आम्लं आतड्यातच बांधून ठेवणारं कोलेस्टायरामीन नावाचं औषध आहे. ते पावडरच्या पाकिटात मिळतं, पाण्यात किंवा पातळ ताकात ढवळून घ्यायचं. प्रत्येक दुकानात नसतं, बऱ्याचदा मागवावं लागतं. त्याच जातीतलं कोलेसेव्हेलाम गोळीच्या रूपात येतं. ज्यांचा त्रास खरंच पित्ताच्या आम्लांचा असतो त्यांना थोड्याच दिवसांत फरक जाणवतो, आणि निदानही त्यातूनच पक्कं होतं. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. अगदी थोड्यापासून सुरुवात केलेली चांगली, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होतं. रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे एका प्रकारची चरबी, जास्त असतील तर हे औषध जपून वापरावं लागतं.

तुमच्यासाठी यात एक मोठी खाच आहे, ती त्यांना आठवणीने सांगा. हे औषध जसं पित्ताला धरतं तसं थायरॉक्सिनलाही धरतं. दोन्ही जवळजवळ घेतली तर थायरॉइडची गोळी पोटात जाऊनही रक्तात उतरत नाही. दोन्हींत किमान चार तास हवेत. माझ्या अशा पेशंटना मी बऱ्याचदा थायरॉइडची गोळी रात्री, जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घ्यायला सांगते आणि पावडर सकाळच्या नाश्त्याबरोबर. ईसबगोल चालू असेल तर त्याचीही वेळ बदलून गोळीपासून तेच चार तास ठेवायचे. मग सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहते. वेळा बदलण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

एखाद्या दिवशी लांबचा प्रवास, लग्न, परीक्षेची ड्यूटी असेल तर डॉक्टरांना विचारून जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडची एक गोळी आधी घेता येते. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ती घ्यायची नाही. पाचक एन्झाइमच्या गोळ्या आणि लिव्हर टॉनिक यांवर पैसे घालवू नका. पाचक रस बनवणारं स्वादुपिंड तुमच्या ऑपरेशनात शाबूत राहिलं आहे, आणि यकृतालाही टॉनिक लागत नाही.

कडू पाण्याबद्दल. आंबट पाणी आम्लाचं, कडू पाण्यात पित्ताचाही हात असू शकतो. ठिबकणारं पित्त कधी उलटं जठरात शिरतं आणि तिथून वर येतं. म्हणून आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी जळजळ थांबते, पण कडवटपणा राहतो, आणि पेशंटला वाटतं गोळी खोटी आहे. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा सरकवा, जेवल्यावर वाकून केर-फरशी करू नका. साडीच्या परकराची नाडी पोटाला करकचून बांधली असेल तर तीही सैल करा. हे ऐकून बायका हसतात, पण पोटावरचा दाब खरंच कमी होतो. तरीही महिनाभरात थांबलं नाही तर एंडोस्कोपी करून घेणं योग्य.

पोट फुगण्याचं मात्र मोकळेपणाने सांगते, ऐकायला आवडणार नाही कदाचित. ते ऑपरेशनआधीही होतं का, हे आठवून पाहा. कितीतरी वेळा असं होतं की माणूस गॅससाठी सोनोग्राफी करतो, त्यात खडे दिसतात, पित्ताशय काढलं जातं, आणि गॅस जिथे होता तिथेच राहतो, कारण तो खड्यांचा नव्हताच. खड्याची कळ वेगळी: बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली, जेवणानंतर किंवा रात्री, अर्धा तास ते काही तास टिकणारी, पाठीत, खांद्याच्या फऱ्यात जाणारी. तुमची ती कळ गेली आहे, म्हणजे ऑपरेशन योग्य कारणासाठी झालं असावं. फुगणं हे दूध, घाईघाईने गिळलेलं जेवण, दीर्घ उपास यांचं असेल, तर वरच्याच बदलांनी कमी होईल.

काही गोष्टी झाल्या तर मात्र वही, ईसबगोल सगळं बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, शौचाचा रंग मातकट पांढरा होणं, थंडी वाजून ताप, पूर्वीसारखी कळ पुन्हा येणं. पित्तनलिकेत एखादा खडा राहून गेला असला किंवा नलिका अरुंद झाली असली तर असं होतं, आणि त्यात वेळ घालवायचा नसतो. शौचातून रक्त, विनाकारण वजन उतरणं, जुलाबाने रात्री झोपेतून उठावं लागणं, याचीही वेगळी तपासणी लागते. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर अधिकच.

आणि जन्मभर उकडलेलं? नाही. चार आठवडे पोट शांत राहिलं की एकेक वस्तू परत आणायला सुरुवात करा. सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या जेवणात, अर्ध्या वाटीपासून. एका आठवड्यात एकच नवी वस्तू, म्हणजे बिघडलं तर कशाने हे कळेल. आधी कुटाची कोशिंबीर, मग नेहमीचे दाणे घातलेले पोहे, मग कट काढलेला रस्सा, शेवटी तळण. माझ्या बहुतेक पेशंटना सहा महिने ते वर्षभरात दिवाळीच्या फराळातली एखादी चकली आणि अर्धा लाडू बिनतक्रार चालतो. ताटभर फराळ रिकाम्या पोटी चालत नाही. तुमचं पोट नेमकं कुठे थांबतं ते वहीतूनच दिसेल. ती वही आणि टीएसएचचा रिपोर्ट घेऊन ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा आणि ‘माझ्यासाठी कोलेस्टायरामीनचा विचार करता येईल का, आणि थायरॉइडच्या गोळीची वेळ कशी ठेवू?’ असं थेट विचारा.